आप्पा पडल्यानंतरचा खेळ

प्यो बोराम हे तिचं नाव. बोराम म्हणजे कष्टाचं चीज. नाव वडिलांनी ठेवलं होतं. ते कष्ट कुणी करायचे आणि चीज कशात व्हायचं, हेही पुढे त्यांनीच ठरवलं.

वडिलांना ती आप्पा म्हणायची. कोरियातही वडिलांना आप्पाच म्हणतात. गुनसान नावाच्या बंदराच्या गावात आप्पा सिटी बस चालवायचे. एका सकाळी टीव्हीवर त्यांनी एका कोरियन मुलीला परदेशात गोल्फचा कप उचलताना पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी आठ वर्षांच्या बोरामचा हात धरून जाळी लावलेल्या सरावाच्या मैदानावर नेऊन उभं केलं. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी गोल्फची काठी धरली नव्हती. पण ते तिच्या मागे उभे राहायचे आणि चेंडू मारून झाला की एकच शब्द म्हणायचे, "दाशी." म्हणजे पुन्हा. चेंडू वाकडा गेला तरी दाशी, सरळ गेला तरी दाशी. हिवाळ्यात तिच्या तळहातांना भेगा पडायच्या. मग ओम्मा, म्हणजे आई, घरी आल्यावर त्यावर तेल चोळायची. नवऱ्याला मात्र एका शब्दाने काही बोलायची नाही.

आप्पा दुष्ट नव्हते. बोरामला ते चांगलं माहीत होतं. पुढे बसची नोकरी सोडून ते तिचे कॅडी झाले, तिची बॅग पाठीवर घेऊन देशोदेशी चालले. हॉटेलात तिचे मोजे धुवायचे, सफरचंदाच्या फोडी करून तिच्यासमोर ठेवायचे, ताप असला तरी बॅग दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. फक्त खेळताना ते सतत तिच्या पाठीशी असायचे. त्यांचा श्वास, त्यांचं खाकरणं, त्यांच्या बुटांचा आवाज. चुकीचा फटका गेला की ते जिभेने एक बारीकसा 'च्' आवाज काढायचे. तो दुसऱ्या कुणाला ऐकू जायचा नाही, तिला मात्र झोपेतसुद्धा ऐकू यायचा.

विसाव्या वर्षी ती कोरियात एक मोठी स्पर्धा जिंकली. बाप-लेकीचा फोटो पेपरात झळकला. त्यानंतर अमेरिकेत दोन वर्षं काढली, तिथे काही जमलं नाही. मग युरोप. तिथे ती तग धरून राहिली, इतकंच. कधी पहिल्या दहात, बहुतेक वेळा चाळिसाव्या-पन्नासाव्या नंबरावर. दर वर्षी नवीन मुली यायच्या, तिच्यापेक्षा लहान, तिच्यापेक्षा लांब मारणाऱ्या. २०१६च्या जुलैत आयर्लंडमध्ये बायकांच्या एका स्पर्धेसाठी ते दोघं आले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि सहा वर्षांत काही जिंकली नव्हती.

मैदान एका तळ्याच्या काठी होतं. शनिवार, स्पर्धेचा तिसरा दिवस. सकाळी नाश्त्याला काळं सॉसेज आलं, रक्त भरून केलेलं; कोरियात तसंच सुंदे करतात. आप्पांनी ते काट्याने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "आपल्याकडचं सुंदे यांनी चोरलं आणि वाटोळं केलं." स्वतःच्याच विनोदावर ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. पाऊस येत होता, जात होता. बोराम त्या दिवशी बरी खेळत होती. अठरापैकी तेराव्या होलपर्यंत, म्हणजे भोकापर्यंत, तिच्या पुढे फक्त दोघीच होत्या.

तेराव्या होलवर, ग्रीनकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीकडे चालताना, मागचा बुटांचा आवाज थांबला. तिने वळून पाहिलं. आप्पा गुडघ्यांवर बसले होते, जणू बुटाची नाडी बांधायला वाकलेत. मग ते कुशीवर कलंडले. बॅग त्यांच्या अंगावर पडली आणि काठ्या ओल्या गवतात पसरल्या.

ती धावली. त्यांचं अर्धं तोंड खाली ओघळलं होतं. उजवा हात नुसता पडला होता. डावा डोळा तिच्याकडे बघत होता आणि त्यात राग होता की भीती, तिला ओळखता आलं नाही. लोक जमले. बॅटरीवरची बग्गी आली. मैदानाच्या फाटकाशी अँब्युलन्स उभी होतीच. सगळं फार शिस्तीत आणि फार लवकर झालं.

हिरवा कोट घातलेली एक पंच बाई तिच्याजवळ आली. "थांबायचं असेल तर थांब," ती म्हणाली. "जा त्यांच्याबरोबर. कुणी काही म्हणणार नाही."

बोरामने अँब्युलन्सकडे पाहिलं. खेळ संपून गुणांच्या कार्डावर सही होईपर्यंत मैदान सोडायचं नाही, हा आप्पांचा नियम होता. ती सोळा वर्षांची असताना एका स्पर्धेदरम्यान आजी वारली, तेव्हा आप्पांनी शेवटचा पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका, पडेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. पार गाडीत बसल्यावर सांगितलं.

"खेळते मी," ती म्हणाली.

डेक्लन नावाच्या एका स्वयंसेवकाने बॅग उचलली. साठीचा, निवृत्त पोस्टमन. "मी तुझ्या मागेच आहे," एवढं म्हणून तो गप्प झाला आणि नंतर एक शब्द बोलला नाही. त्याला गोल्फमधलं सांगण्यासारखं काही येत असेल, पण त्याने ते सांगितलं नाही.

आणि चौदाव्या होलवर काठी हातात घेऊन उभी राहिली तेव्हा बोरामच्या लक्षात आलं की डेक्लन बाजूला उभा आहे आणि पाठीशी कुणी नाहीये. कुणी खाकरत नाहीये. फक्त तळ्यावरून येणारा वारा होता. तिने चेंडू मारला, तो सरळ गेला, आणि मागून कुणी काही म्हटलं नाही. तिचे खांदे आपोआप खाली आले. आपले खांदे इतकी वर्षं वर चढलेले होते हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

ते पाच होल ती जशी खेळली तशी आयुष्यात कधी खेळली नव्हती. आनंद म्हणावा असं ते नव्हतं. घर रिकामं असताना दार लावून कुणी एकट्याने बसावं, तसं होतं ते.

सोळाव्या ग्रीनवर ती पट मारायला वाकली होती. बाजूने एक बग्गी आली आणि मघाचीच पंच बाई उतरून घाईघाईने तिच्याकडे यायला लागली. बोरामने मान वर न करता डावा हात उचलला. थांबा, एवढाच त्याचा अर्थ. पट मारताना कुणी हललं की सगळेच खेळाडू असा हात करतात. बाई थांबली. चेंडू भोकात पडला. टाळ्या वाजल्या. बाई पुन्हा पुढे झाली तर बोरामने पुन्हा तसाच हात केला आणि सतराव्याकडे चालायला लागली. खेळ संपेपर्यंत हिला काही ऐकायचं नाही असं समजून बाई मागेच राहिली.

सही करून ती हॉस्पिटलला पोचली तेव्हा तिच्या नावावर आघाडी होती.

तरुण डॉक्टर होता, डोळे तांबारलेले. त्याने गोळ्यांची एक पट्टी तिच्यासमोर धरली. वर सगळं कोरियन लिपीत. "ह्या तुमच्या वडिलांच्या खिशात सापडल्या. रक्त पातळ करायच्या आहेत का?"

"नाही," ती म्हणाली. "पोटाच्या आहेत. त्यांना ॲसिडिटी होते."

डॉक्टरने पट्टी टेबलावर ठेवली. मग त्याने तिला खुर्चीत बसवलं आणि सावकाश समजावून सांगितलं. मेंदूत गुठळी झाली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ठरावीक वेळेच्या आत द्यावं लागतं, आणि माणूस रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर ते देता येत नाही, जीव जाऊ शकतो. फोनवर दुभाष्या मिळाला नाही. "आम्ही मैदानावर निरोप पाठवला होता," तो म्हणाला. "एवढंच विचारायचं होतं."

"आता?"

"आता ती वेळ गेली."

त्याने दोष दिला नाही. दिला असता तर कदाचित बरं झालं असतं.

आप्पा पडदा लावलेल्या खाटेवर होते. ती जवळ गेली, त्यांचा डावा हात हातात घेतला. खूप वेळ त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, आणि जड, घसरत्या आवाजात, पण अगदी स्पष्ट, ते म्हणाले, "दाशी."

तिने डोळे मिटले. पुन्हा. जा आणि पुन्हा खेळ. तिला तो हुकूमही वाटला आणि माफीही.

रविवारी ती खेळली. डेक्लननेच बॅग घेतली. आणि ती जिंकली. कप हातात दिल्यावर फोटोग्राफर ओरडले, "जरा हास!" आणि ती हसली. कॅमेऱ्यासमोर हसायचं, हेही तिला आप्पांनीच शिकवलं होतं.

तो फोटो संध्याकाळपर्यंत कोरियात पोचला. पाठोपाठ एका प्रेक्षकाने मोबाइलवर घेतलेलं सोळाव्या ग्रीनचं चित्रणही पोचलं. पंच बाई धावत येते आहे आणि बोराम हात करून तिला थांबवते आहे, एकदा नव्हे, दोनदा. खाली हजारो लोकांनी लिहिलं. बापाच्या जिवावर उठलेली. बाप मरणाच्या दारात आणि ही हसते बघा. तिच्या टोपीवर ज्या कंपनीचं नाव होतं त्या कंपनीने आठवड्याभरात ते काढून घेतलं. धाकट्या भावाने फोन केला. "ती बाई काय सांगायला आली होती?" त्याने विचारलं. बोरामने खरं सांगितलं. त्याने फोन ठेवला.

आप्पांची विमानाने नेण्यासारखी अवस्था नव्हती. बोरामने पुढच्या स्पर्धा सोडल्या आणि हॉस्पिटलच्या गावात एका सलूनच्या वरची खोली घेतली. रोज सकाळी वॉर्डात जायची, त्यांची दाढी करायची, लापशी भरवायची.

तिथेच तिला भार्गवी भेटली. पुण्याची, बोरामच्याच वयाची, आयर्लंडमधल्या गॉलवेला शिकायला आलेली आणि इथेच नोकरीला लागलेली. वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे तिचं काम. पहिल्याच दिवशी तिने बोरामला विचारलं, "तू त्यांना आप्पा म्हणतेस? आमच्याकडे माझ्या आजोबांना सगळे आप्पा म्हणायचे." मग जरा संकोचत म्हणाली, "आणि हे सारखं काय म्हणतात? मला आधी वाटलं, मला दासी म्हणतायत. माझ्या भाषेत दासी म्हणजे मोलकरीण."

बोरामला कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "दाशी. म्हणजे पुन्हा."

भार्गवीने आप्पांसमोर कप धरला. "दाशी." चमचा धरला. "दाशी." बोरामचा लहानपणचा फोटो धरला. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, "दाशी, दाशी."

"तुला पुन्हा करायला सांगतायत ते," बोराम म्हणाली. "मलाही असंच सांगायचे."

"नाही गं," भार्गवी म्हणाली. ती प्रेमानेच बोलत होती. "ते काही सांगत नाहीयेत. अशा आजारात कधी कधी एकच शब्द शिल्लक राहतो. जो आयुष्यभर सर्वांत जास्त वापरला तो. त्यांना पाणी म्हणायचं असतं, तुझं नाव घ्यायचं असतं, दुखतंय म्हणायचं असतं, आणि तोंडातून तेवढंच बाहेर येतं. त्याला अर्थ नसतो."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या तासापासून. नर्सच्या नोंदीतही तेच आहे."

"म्हणजे शनिवारी संध्याकाळी..."

"शनिवारी काय?"

"काही नाही," बोराम म्हणाली आणि उठून बाहेर गेली. हॉस्पिटलच्या मागे कपड्यांच्या गाड्या उतरवायची जागा होती. तिथे ती भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणजे त्यांनी तिला जा म्हटलंच नव्हतं. कदाचित थांब म्हटलं असेल. कदाचित पाणी मागितलं असेल. आता ते कधीच कळणार नव्हतं, त्यांनाही सांगता येणार नव्हतं.

डिसेंबरात भाऊ आला आणि नर्स बरोबर घेऊन आप्पांना घरी घेऊन गेला. विमानतळावर त्याने बोरामला खुर्ची ढकलू दिली नाही. "तू इथेच राहा," तो म्हणाला. "तिकडे शेजारीपाजारी विचारतात. ओम्माला त्रास होतो." चाकाच्या खुर्चीतून आप्पांनी मान वळवायचा प्रयत्न केला. मान फक्त डावीकडे वळायची. ती उजवीकडे उभी होती.

पुढच्या मोसमात ती खेळायला गेली. मागे कुणीही कॅडी ठेवला तरी तिला चालेना. मग ती एकटीच बॅग ओढत खेळली. लांबचे फटके ठीक जायचे. पण ग्रीनवर पोचून वाकली की आजूबाजूची माणसं गप्प व्हायची आणि त्या शांततेत तिची बोटं आखडायची. हातभर लांबीचा पट, लहान पोराने मारावा असा, तिच्याकडून भोकाच्या बाजूने निघून जायचा. एकदा फ्रान्समध्ये तिने एकाच ग्रीनवर पाच वेळा पट मारला. सोबतच्या मुली दुसरीकडे बघायला लागल्या. २०१७ संपताना युरोपातल्या व्यावसायिक स्पर्धांच्या टूरवरची तिची जागा गेली. त्याची बातमीसुद्धा झाली नाही.

तोवर भार्गवी लग्न होऊन डब्लिनला आली होती. शहराच्या कडेला ओंगारमध्ये तिचं आणि तिचा नवरा अद्वय याचं घर होतं. तिने बोरामला वरची लहान खोली दिली. "काही होईपर्यंत राहा, ग्रँड," ती इथल्या लोकांसारखं म्हणाली, म्हणजे काही हरकत नाही. त्या वेळी तिला आपण वॉर्डात काय बोललो आणि त्याने काय झालं, हे कळलेलं होतं. बोरामनेच एका दुपारी सांगितलं होतं. भार्गवी म्हणाली होती, "मी ते बोलले नसते तर बरं झालं असतं का?"

जवळच गोल्फच्या सरावाची एक जागा होती, पत्र्याची शेड आणि समोर जाळी. तिथे ती शिकवायला लागली. ऑफिसातून थेट आलेले इंजिनिअर, निवृत्त जोडपी. ती चांगलं शिकवायची, पण कुणाच्या मागे उभी राहायची नाही. नेहमी समोरून, एका बाजूला. कुणी विचारलं तर म्हणायची, इथून नीट दिसतं.

२०१९च्या जानेवारीत आप्पा गेले. भावाने कळवलं ते सगळं उरकल्यावर.

एप्रिलमध्ये ओम्मा आली. एकटी, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. चेहरा वाळलेला, अंगात ठेवणीतला कोट. तिने भार्गवीला वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पाकिटं दिली, घराला दुरूनच नमस्कार केल्यासारखी वाकली आणि वर बोरामच्या खोलीत गेली. पलंग, खुर्ची, खिडकी. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"आप्पा पडले ती जागा बघायचीये का तुला?" बोरामने विचारलं. "भार्गवी गाडीने नेईल."

"गवत बघून काय करू?" ओम्मा म्हणाली. "तू कुठे राहतेस ते बघायला आले."

पहिले दोन दिवस तिने स्वयंपाकघरातल्या प्रेसमधली, म्हणजे कपाटातली, सगळी भांडी काढून पुन्हा घासली. भार्गवीने केलेली आमटी दोनदा मागून घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत दोघी कपड्यांच्या घड्या करत होत्या. वर न बघता ओम्मा म्हणाली, "सकाळी जेवला होता का तो? त्या दिवशी?"

"हो. हसत होते." बोरामने काळ्या सॉसेजची गोष्ट सांगितली. ओम्माने ऐकली. तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

"आणि तो पडल्यावर," ओम्मा म्हणाली, "तुला बरं वाटलं ना?"

बोरामचे हात थांबले.

"ते चित्रण मी पाहिलंय," ओम्मा म्हणाली. "लोकांनी हात पाहिला. मी तुझे खांदे पाहिले. लहानपणी तू झोपलीस की असे व्हायचे."

बोरामला नाही म्हणायचं होतं, आणि ते खोटं ठरलं असतं.

"मलाही वाटायचं," ओम्मा म्हणाली. "तो पहाटे बस घेऊन बाहेर पडला की घर मोठं व्हायचं. मी नुसती बसून राहायचे." तिने टॉवेलची घडी गुडघ्यावर सारखी केली. "पण मी कुणासमोर कप उचलला नाही."

ती उठली, घड्या केलेले कपडे कपाटात ठेवले आणि तोंड धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता. बोराम पलंगावर होती तशीच बसून राहिली. खाली भार्गवी कुणाशी तरी फोनवर मराठीत बोलत होती, तिचं हसू जिन्यातून वर येत होतं.

त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. उरलेले दिवस ओम्माने स्वयंपाक केला. एक दिवस बोरामच्या कामाच्या जागी येऊन शेडमध्ये खुर्चीवर बसली आणि लेक लोकांना शिकवते ते बघत राहिली. कसं वाटलं हे बोरामने विचारलं नाही.

विमानतळावर, ओम्मा आत जायच्या आधी, बोराम म्हणाली, "पुढच्या वर्षी मी येऊ का? त्यांच्या वर्षश्राद्धाला?"

ओम्माने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"नको," ती म्हणाली. "तुझा भाऊ घरात घेणार नाही. आणि मला मध्ये उभं राहायचं बळ नाही आता." तिने बोरामच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत वर ओढली. "मी फोन करीन."

रांग पुढे सरकली. तपासणीच्या तिथे ओम्माला बूट काढायला सांगितलं तर तिला ते कळेना. बोराम काचेपलीकडून खुणा करत होती, पण ओम्माचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी मागच्या एका बाईने वाकून तिला बूट काढायला मदत केली. मग ओम्मा मोज्यांवर चालत आत गेली.

संध्याकाळी पाचला बोरामचा वर्ग होता. ती बसने परत आली आणि वेळेवर पोचली.